रक्ताचा ताळेबंद

हृदयातून निघालेले रक्त फिरून हृदयाकडेच येते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण ही साधी गोष्ट पुराव्यानिशी जगापुढे मांडायला १६२८ साल उजाडावे लागले. ती मांडणारा माणूस म्हणजे विल्यम हार्वे.

१ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडमधील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी त्याचा जन्म झाला. केंब्रिजनंतर तो इटलीत पादुआला शिकला. तेथे त्याच्या गुरूने, फॅब्रिशियसने, नीलांमधील झडपांचे वर्णन केले होते. त्यांचे खरे काम मात्र त्याला उमगले नव्हते. १६०२ मध्ये पदवी घेऊन हार्वे लंडनला परतला.

त्या काळी वैद्यकात शब्द चाले तो गेलेनचा. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचा हा ग्रीक वैद्य सांगून गेला होता, की अन्नापासून यकृतात रक्त बनते आणि शरीर ते खर्चून टाकते. हार्वेने चक्क हिशेब मांडला. एका ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम तीन चमचे रक्त धरले. अर्ध्या तासात हजार ठोके धरले. बेरीज झाली पाचशे औंस, सुमारे चौदा किलो! एवढे रक्त कुणाच्या अंगातही नसते, मग अन्नातून दर अर्ध्या तासाला नवे कुठून येणार? खर्ची पडलेली रक्कम पुन्हा जमेला येत असली पाहिजे.

मग त्याने दंडाला पट्टी आवळली. घट्ट आवळताच मनगटाची नाडी थांबली, हात गार पडला. थोडी सैल करताच रोहिणीतून रक्त आले, पण नीलांची वाट बंदच असल्याने हात फुगला. नीलांतल्या झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हे उलगडले. जिना चढताना पायांचे स्नायू नीलांना पिळतात, जास्त रक्त परत येते आणि हृदयही जास्त रक्त पुढे धाडते. दोघांचा व्यवहार असा जुळलेला.

पुस्तक निघाले तेव्हा हार्वे पन्नाशीत होता, राजाचा वैद्य होता. तरी लोक त्याला विक्षिप्त म्हणू लागले, रोगी कमी झाले. १६४२ मध्ये यादवी युद्धात त्याच्या राहत्या जागेची लूट होऊन अनेक वर्षांची टिपणे गेली. त्याने सिद्धांत सोडला नाही.

एक नोंद मात्र राहिली होती: रोहिणीतले रक्त नीलेत जाते कोणत्या वाटेने? ३ जून १६५७ रोजी हार्वे वारला. १६६१ मध्ये इटलीत माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. ताळेबंद जुळला; पाहायला हार्वे तेवढा नव्हता.