नट किती आवळायचा?

गाडी साठच्या पुढे गेली की मागून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलतो. गॅरेजवाला एक राऊंड मारून येतो आणि सांगतो, क्राऊन-पिनियनचं काम निघालंय. मागचा एक्सल उघडतो, नवी बेअरिंग्ज येतात आणि सगळ्यात अवघड प्रश्न समोर येतो. पिनियनचा नट नेमका किती आवळायचा?

हा प्रश्न ज्या बेअरिंगमुळे पडतो, ते गाडीच्या एक्सलपर्यंत आणणारा माणूस कधी इंजिनीअरिंग कॉलेजात गेला नव्हता. तो घोडागाड्या बनवायचा. हेन्री टिमकेन त्याचं नाव.

१८३१ मध्ये जर्मनीत ब्रेमेनजवळ त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच घरचे सगळे अमेरिकेत, मिझुरी राज्यात येऊन शेती करू लागले. हेन्रीचं मन मात्र शेतात रमेना. सोळाव्या वर्षी तो सेंट लुईस शहरात एका गाड्या बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करायला गेला. १८५५ मध्ये त्यानं स्वतःचा कारखाना टाकला. १८७७ मध्ये बग्गीच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि त्या स्प्रिंगनं त्याला बक्कळ पैसा मिळवून दिला. १८८७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, तो कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला निवांत राहायला गेला. गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती.

पण स्वस्थ बसणं त्याला जमलं नाही. तो सेंट लुईसला परतला आणि एक जुनं दुखणं त्यानं हातात घेतलं. घोडागाडी वळणावर वळली की चाकावर दोन बाजूंनी जोर येतो. वजन खाली दाबतं आणि वळण बाजूला ढकलतं. सरळ रोलर खालचं वजन झेलतात, पण बाजूचा धक्का त्यांना झेपत नाही. मग घर्षण वाढतं, झीज होते आणि त्रास घोड्याला होतो.

पुतणा-भाच्यांपैकी रेजिनाल्ड हाइन्झेलमन याला सोबत घेऊन टिमकेननं रोलरला शंकूचा निमुळता आकार दिला. असा तिरका बसलेला रोलर दोन्ही जोर एकदम पेलतो. २८ जून १८९८ रोजी पेटंट मिळालं, तेव्हा टिमकेन ६६ वर्षांचा होता. निमुळत्या रोलरची कल्पना त्याच्या आधीही लोकांना सुचली होती. ती गाडीच्या एक्सलवर रोजच्या वापरात टिकेल अशी करून दाखवणं, हे त्याचं काम. १८९९ मध्ये कंपनी निघाली आणि लवकरच ती ओहायोतल्या कँटनला हलली. मोटारींचे कारखाने आणि पोलाद, दोन्ही तिथून जवळ होतं. बेअरिंग घोडागाडीसाठी बनलं होतं, पण त्याला खरं गिऱ्हाईक मोटारीनं दिलं.

या आकाराचा आणखी एक फायदा आहे. आतली रिंग थोडी पुढे सरकवली की बेअरिंगमधला प्ले कमी होतो. म्हणजे हे बेअरिंग ॲडजस्ट करता येतं. मागच्या एक्सलमध्ये पिनियन अशाच दोन बेअरिंग्जवर बसतं, एकमेकांच्या विरुद्ध तोंडाच्या. नट आवळत गेलं की आधी प्ले संपतो. त्यापुढे किंचित आणखी आवळायचं. हाच प्रीलोड. रोलर आधीच दाबलेले असले की जोर आल्यावर पिनियन जागचं हलत नाही. सैल राहिलं तर दात नीट जुळत नाहीत आणि आवाज येतो. जास्त झालं तर बेअरिंग तापून जळतं.

गंमत म्हणजे नट किती जोरानं आवळला यावरून प्रीलोड कळत नाही. बऱ्याच गाड्यांत दोन बेअरिंग्जच्या मध्ये चेपली जाणारी नळी असते. ती चेपायला लांब पाइप लावून अंगातला सगळा जोर काढावा लागतो. मोजायचं मात्र वेगळंच. पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते. नव्या बेअरिंगला बऱ्याच कारमध्ये तो जेमतेम २ ते ३ न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. म्हणून थोडं आवळायचं, फिरवून मोजायचं, पुन्हा थोडं आवळायचं. आकडा ओलांडला तर नट मागे फिरवून चालत नाही. चेपलेली नळी परत फुगत नाही, नवी टाकावी लागते.

मार्च १९०९ मध्ये सॅन डिएगोत टिमकेन वारला. फोर्डची मॉडेल टी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. मोटारींचं युग त्यानं फक्त दारातून पाहिलं.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कुठे एक्सल उघडलेला दिसला, तर सरांना विचारून पिनियन एकदा हातानं फिरवून बघा. न अडकता, किंचित जड, एकसारखं फिरलं तर समजा, आवळणारा वेळेवर थांबला होता.