गाणारा नाही, नाचणारा नाही. हा दुसरा मायकल जॅक्सन, ज्यानं जगाला बीअर चाखायला शिकवलं

पुण्यातली एखादी मायक्रोब्रुअरी डोळ्यांसमोर आणा. चार मित्र बसलेत. वेटर एक लाकडी फळी आणून ठेवतो, त्यावर पाच-सहा छोटे ग्लास. एकात गढूळ पिवळी बीअर, एकात तांबूस, एकात काळीकुट्ट. तेवढ्यात ब्रुअर स्वतः टेबलापाशी येतो आणि सांगायला लागतो. ही बेल्जियन विट, हिच्यात संत्र्याची साल आणि धने आहेत. ही स्टाउट, कॉफीसारखी लागेल. आणि ही आंबट आहे, लगेच नाक मुरडू नका, दुसरा घोट घेऊन बघा.

धने म्हटल्यावर टेबलावरच्या एकाला तरी आमटी आठवतेच.

पण बीअरला प्रकार असतात, प्रत्येक प्रकाराला गाव असतं, इतिहास असतो आणि ती वाइनसारखी वास घेत, सावकाश चाखायची असते, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी बोलला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. बीअर म्हणजे पिवळी, थंडगार आणि स्वस्त. विषय संपला.

हा विषय पुन्हा उघडणाऱ्या माणसाचं नाव होतं मायकल जॅक्सन.

नाही, तो नाही. थ्रिलरवाला वेगळा. हा दाढीवाला, कुरळ्या केसांचा, चष्मा लावणारा इंग्लंडमधला पत्रकार. नावाचा घोळ त्याला आयुष्यभर पुरला. टीव्हीवर स्वतःची ओळख करून देतानाच तो सांगून टाकायचा की नाव खरंच हेच आहे, पण आपण गात नाही आणि पेप्सीही पीत नाही. त्या काळात गायक मायकल पेप्सीच्या जाहिराती करत होता, त्यामुळे लोकांना विनोद बरोबर कळायचा.

गंमत म्हणजे त्याच्या घराण्याचं मूळ आडनाव जॅक्सन नव्हतंच. वडील लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले, नाव आयझॅक जॅकोविट्झ. इंग्लंडमध्ये ते जॅक जॅक्सन झाले. नाव बदललं नसतं तर आज आपण मायकल जॅकोविट्झबद्दल वाचत असतो आणि शीर्षकात एवढा खुलासाही करावा लागला नसता.

मायकलचा जन्म २७ मार्च १९४२ चा, यॉर्कशायरमधल्या वेदर्बीचा. शाळा हडर्सफील्डजवळ. हा सगळा लोकरीच्या गिरण्यांचा, कामगारांचा मुलूख. सोळाव्या वर्षी पठ्ठ्यानं शाळा सोडली आणि हडर्सफील्ड एक्झामिनर या स्थानिक पेपरात बातमीदार म्हणून चिकटला. पुढे एडिनबरामध्ये नोकरी केली, तिथं व्हिस्कीची ओळख झाली. मग लंडन. तिथं जाहिरात क्षेत्रावरच्या कॅम्पेन या नियतकालिकाच्या सुरुवातीच्या काळात त्यानं संपादकाचं काम केलं. म्हणजे करिअर अगदी व्यवस्थित चाललं होतं.

१९६९ मध्ये कामानिमित्त तो नेदरलँड्समध्ये होता. तिथून शेजारच्या बेल्जियममध्ये गेला आणि त्याच्या हातात ट्रॅपिस्ट बीअर पडली. ट्रॅपिस्ट म्हणजे मठात राहणाऱ्या ख्रिश्चन साधूंच्या देखरेखीखाली बनणारी बीअर. मठाचा खर्च निघावा म्हणून हे साधू बीअर विकतात, आजही. गडद रंग, सुक्या फळांसारखा वास, कडक. यॉर्कशायरच्या पबमध्ये वाढलेल्या माणसाला ही बीअर आहे यावरच विश्वास बसेना. एवढ्याशा देशात हे असं काही बनत असेल तर बाकी जगात काय काय असेल, हा किडा तिथं डोक्यात शिरला तो कायमचाच.

त्या काळात बीअरच्या जगात काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय त्याचं महत्त्व कळणार नाही.

ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्या छोट्या ब्रुअरी विकत घेऊन बंद करत होत्या. चिडलेल्या ग्राहकांनी पारंपरिक बीअर वाचवण्यासाठी १९७१ मध्ये कॅम्रा नावाची चळवळच उभी केली. अमेरिकेत तर आणखी वाईट. एकेकाळी गावोगावी ब्रुअरी असलेल्या त्या देशात १९७० च्या दशकाच्या शेवटी शंभराच्याही आत ब्रुअरी उरल्या होत्या आणि जवळपास सगळ्या एकाच चवीची, फिकट लागर बनवत होत्या. बेल्जियममध्ये हूगार्डन गावाची धने-संत्र्यावाली गव्हाची बीअर १९५० च्या दशकात अक्षरशः संपली होती. शेवटची ब्रुअरी बंद पडली. ती चव पुन्हा आणली पिएर सेलिस नावाच्या गावातल्या दूधवाल्यानं, लहानपणी त्या ब्रुअरीत हात लावल्याच्या आठवणीवर. आपल्या लाकडी फळीवरची ती विट म्हणजे याच दूधवाल्याची कृपा.

तर अशा वेळी, १९७७ मध्ये, मायकल जॅक्सननं द वर्ल्ड गाइड टू बीअर हे पुस्तक आणलं.

त्यानं केलेली गोष्ट ऐकायला साधी वाटते. देशोदेशीच्या बीअर गोळा केल्या आणि त्यांची वर्गवारी केली. कुठली कुठल्या गावची, कशापासून बनते, कशी आंबवतात, चव कशी. आज आपण मेन्यूकार्डवर बीअरचा स्टाइल म्हणून जो शब्द वाचतो, तो रुळवण्यात सगळ्यात मोठा वाटा या पुस्तकाचा. पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरं झाली.

पण खरा परिणाम वेगळाच झाला. आपण जे बनवतो त्याला काही किंमत आहे, हे बीअर बनवणाऱ्या कित्येकांना या पुस्तकामुळे कळलं. आणि जे बनवत नव्हते त्यांना बनवावंसं वाटलं.

ओट्स घातलेल्या स्टाउटचं उदाहरण घ्या. हा प्रकार बाजारातून गायब झाला होता. सिएटलमधल्या चार्ल्स फिंकेल या आयातदारानं जॅक्सनच्या पुस्तकात त्याच्याबद्दल वाचलं आणि यॉर्कशायरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीला सांगून १९८० मध्ये ती बीअर पुन्हा बनवून घेतली. आज ओटमील स्टाउट जगभरातल्या ब्रुअरी बनवतात. पुस्तकातल्या उल्लेखावरून मेलेला पदार्थ जिवंत झाला, असं खाण्यापिण्याच्या इतिहासात किती वेळा घडलं असेल?

आता त्या आंबट बीअरकडे येऊ, कारण जॅक्सनचं या बीअरवर विशेष प्रेम होतं.

तिचं नाव लँबिक. ब्रसेल्स आणि आसपासच्या खोऱ्यातली. साध्या बीअरमध्ये यीस्ट मुद्दाम घालतात, जसं आपण दुधाला विरजण लावतो. लँबिकला विरजणच लावत नाहीत. उकळलेला धान्याचा काढा एका मोठ्या उथळ तांब्याच्या परातीत ओतायचा आणि रात्रभर उघडा ठेवायचा. हवेत, छताच्या लाकडात जे काही सूक्ष्मजीव असतील ते येऊन पडतात आणि आंबवायला सुरुवात करतात. मग तो लाकडी पिंपात, एक ते तीन वर्षं. ब्रसेल्सच्या कांतियों ब्रुअरीत तर कोळ्याची जाळीही झाडत नाहीत, कारण कोळी माश्यांचा बंदोबस्त करतात.

याची चव पहिल्यांदा घेणारा बहुतेक वेळा तोंड वाकडं करतो. त्यात चेरी भिजवून ठेवली की होते क्रीक. ही मंडळी म्हातारी होत होती, मुलं धंद्यात यायला तयार नव्हती, गिऱ्हाईक गोड पेयांकडे वळलं होतं. जॅक्सन त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात राहिला, लिहीत राहिला. १९९१ मध्ये त्यानं फक्त बेल्जियमच्या बीअरवर अख्खं पुस्तक काढलं. पुढे बेल्जियमच्या युवराजांच्या हस्ते त्याचा सन्मानही झाला.

फिनलंडमध्ये जुनिपरच्या फांद्यांतून गाळून बनवतात ती साहती असो की रशियाच्या दरबारात जाणारी कडक काळी इंपीरियल स्टाउट, जिथं काही विचित्र सापडेल तिथं हा हजर. १९९० च्या सुमारास द बीअर हंटर ही त्याची मालिका ब्रिटनच्या चॅनल फोरवर आली, अमेरिकेत डिस्कव्हरीवर गाजली आणि बीअर हंटर हीच त्याची ओळख झाली. व्हिस्कीवरची पुस्तकंही तुफान खपली.

अमेरिकेनं तर त्याला डोक्यावर घेतलं. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनं तिथं घरी बीअर बनवायला परवानगी मिळाली होती आणि हौशी लोकांना पाठ्यपुस्तक हवंच होतं. चार्ली पापाझियन हा त्यांचा पुढारी. ब्रिटनमधला बीअर महोत्सव बघून त्यानं जॅक्सनकडे विषय काढला की असं अमेरिकेत करू. जॅक्सनला कल्पना पटली, फक्त त्यासाठी बीअर आणणार कुठून, ही त्याची शंका होती. १९८२ मध्ये बोल्डर शहरात वीसेक ब्रुअरी आणि ८०० लोक जमवून तो महोत्सव झाला. ग्रेट अमेरिकन बीअर फेस्टिव्हल तो हाच.

जॅक्सनच्या चाखण्याच्या कार्यक्रमांना लोक तिकीट काढून यायचे. फिलाडेल्फियामध्ये तर हे कार्यक्रम चक्क पेन विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हायचे. समोर ओळीनं ग्लास, मंचावर जॅक्सन. हलक्या बीअरपासून कडकपर्यंत एकेक घ्यायची, आधी वास, मग घोट. वाइन चाखणारे थुंकून टाकतात, बीअरवाले गिळतात, एवढा एक फरक.

याच संग्रहालयातला एक किस्सा भारी आहे. तुर्कस्तानात गॉर्डियनला १९५७ मध्ये एक राजाची कबर सापडली होती, मायडस राजाची किंवा त्याच्या वडिलांची, साधारण २७०० वर्षांपूर्वीची. आत पिण्याची ढीगभर कांस्य भांडी आणि त्यांच्या तळाला सुकलेला पिवळा थर. संग्रहालयातले शास्त्रज्ञ पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी त्या थराची तपासणी केली, तर निघालं द्राक्षं, मध आणि बार्ली. म्हणजे वाइन, मधाची दारू आणि बीअर, तिन्ही एकत्र.

मार्च २००० मध्ये जॅक्सनच्या सन्मानार्थ तिथं मेजवानी होती, देशभरातले ब्रुअर जमले होते. मॅकगव्हर्न यांनी त्या गर्दीत आव्हान टाकलं की हे पेय पुन्हा बनवून दाखवा, उद्या सकाळी माझ्या प्रयोगशाळेत या. रात्रभर पिऊन सकाळी कोण येणार? पण आले. डॉगफिश हेड ब्रुअरीच्या सॅम कॅलाजिओनीची बीअर सरस ठरली. मध, मस्कट द्राक्षं आणि कडवटपणासाठी चक्क केशर. मायडस टच या नावानं ती बाजारातही आली.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. जॅक्सननं लिहिलेला सगळाच इतिहास टिकला नाही. नंतरच्या संशोधकांनी जुनी कागदपत्रं उघडली तेव्हा त्याच्या काही गोष्टी दंतकथा निघाल्या. त्यानं आखलेल्या स्टाइलच्या चौकटी जरा जास्तच नीटनेटक्या आहेत, असंही म्हणतात. मला हा आक्षेप पटतो. पण त्या चौकटी कुणीतरी आखल्या म्हणूनच नंतरच्यांना त्या मोडता आल्या ना.

आता त्याच्या आयुष्यातला अवघड भाग.

शेवटच्या काही वर्षांत कार्यक्रमांत लोकांना जाणवायला लागलं की जॅक्सनची जीभ जड होतेय. शब्द अडकतात. चाल डळमळते. आता बीअरवर लिहिणारा माणूस, हातात ग्लास, समोर बाटल्या. लोकांनी काय निष्कर्ष काढला असेल ते वेगळं सांगायला नको. जास्त झालीय, अशी कुजबुज सुरू झाली.

खरं कारण पार्किन्सन्स होतं. दहा वर्षांहून जास्त काळ तो हा आजार लपवून काम करत होता. देशोदेशी फिरत होता, मंचावर उभा राहत होता. ज्या माणसानं आयुष्यभर पिणं आणि चाखणं यातला फरक समजावला, त्याच्याकडेच लोक बेवडा म्हणून बघायला लागले होते. शेवटी डिसेंबर २००६ मध्ये त्यानं स्वतःच जाहीर केलं. लोक आपल्याला पिऊन आलेला समजतील, ही भीती हेच त्यामागचं मोठं कारण होतं. सहानुभूती मिळावी म्हणून त्यानं हे केलं असं वाटत नाही. त्याची सगळी कमाई विश्वासार्हतेवर उभी होती आणि ती जात होती.

ब्रसेल्समध्ये मॉर सुबित नावाचा एक जुना कॅफे आहे, त्याच नावाची लँबिकही मिळते. अर्थ होतो अचानक मरण. जॅक्सननं ऑल अबाउट बीअर मासिकासाठी लिहिलेल्या शेवटच्या कॉलमचं शीर्षक याच नावावर खेळलेलं होतं. आपण या मॉर सुबितला हुलकावणी दिली का, असं त्यानं त्यात विचारलं होतं.

३० ऑगस्ट २००७ ला लंडनमधल्या घरी हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. वय ६५.

बरोबर महिन्यानं, ३० सप्टेंबरला, अमेरिकेतल्या पबमध्ये लोकांनी एकाच वेळी त्याच्या नावानं ग्लास उंचावले आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी पैसे गोळा केले. दोन वर्षांनी पुण्यात डूलाली सुरू झाली, आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. नंतर तर पुण्याच्या ब्रुअरींनी कोकमसुद्धा बीअरमध्ये घातलं. जॅक्सनला ती चाखायला मिळाली असती तर पहिल्यांदा त्यानं कोकम म्हणजे काय, कुठं पिकतं आणि आगळ कसं काढतात हेच विचारलं असतं, याची मला खात्री आहे.

त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं आता ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. इंटरनेटवर शोधायचा असेल तर नावापुढे बीअर हंटर टाकायला विसरू नका, नाहीतर मूनवॉक बघत बसाल.