सोल प्लाइकी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेचे कृष्णवर्णीय लेखक सोल प्लाइकी मला जवळचे वाटतात. १८७६ साली जन्मलेल्या प्लाइकींना मिशनच्या शाळेत जेमतेम काही इयत्ताच शिकता आले. किंबर्लीच्या पोस्टात नोकरी करीत ते स्वतःच शिकले. पुढे न्यायालयात दुभाषी झाले. १९१३ च्या जमीन कायद्याने देशोधडीला लागलेल्या बांधवांची दैना त्यांनी सायकलवरून हिंडून पाहिली आणि १९१६ साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. १९३० साली ‘म्हुदी’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी निघाली; त्याच वर्षी शेक्सपिअरच्या एका नाटकाचे त्यांनी केलेले त्स्वाना भाषांतरही. इंग्रजी आली म्हणून त्यांनी मायबोली टाकली नाही. १९३२ साली ते वारले. परवा वडील वसतिगृहावर आले, तेव्हा मित्रांसमोर मी गावची बोली चोरली. पुढच्या खेपेला चोरणार नाही.