७१९ खुनांची कबुली देणारा निवेदक रचणारे मेडोज टेलर कोण होते?

ठगांचं नाव घेतलं की गळ्याभोवती आवळला जाणारा रुमाल आठवतो. हे चित्र जगभर पोहोचवण्यात 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ च्या कादंबरीचा मोठा वाटा आहे. तिचे लेखक होते फिलिप मेडोज टेलर.

टेलर यांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूलला झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते नोकरीसाठी मुंबईत आले. पण ज्या व्यापाऱ्याच्या भरवशावर ते आले होते, त्याचाच धंदा डबघाईला आला होता. अखेर त्यांना हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली. तिथे ते इथल्या भाषा शिकले, पोलीस खात्याचं काम पाहिलं आणि पकडलेल्या ठगांचे जबाबही नोंदवले.

खुनीच सांगतो गोष्ट

हेच जबाब कादंबरीचा पाया ठरले. रजेवर इंग्लंडला गेलेले असताना त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिचा निवेदक अमीर अली ७१९ खुनांची कबुली देतो, पण पश्चात्ताप दाखवत नाही. सगळं भवानीच्या आज्ञेनं आणि नशिबानं घडलं, असं तो सांगतो. साहेब लोक वाघाची शिकार करतात, मग ठग माणसाची करतो यात वेगळं काय, असा त्याचा युक्तिवाद असतो.

टेलर त्याला फारसं अडवत नाहीत. प्रेमळ मुलगा आणि शूर गडी म्हणून तो वाचकाला आवडूही लागतो. मग कळतं की त्यानं नकळत स्वतःच्या बहिणीचाच जीव घेतला आहे. तिथे त्याचं सगळं समर्थन कोसळतं.

जबाब किती खरे?

कादंबरी गाजली. राणी व्हिक्टोरियालाही तिची उत्सुकता होती. पण पुढे इतिहासकारांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. माफीचा साक्षीदार झालेल्या ठगाचा फास टळायचा. मग तो खरं सांगत होता, की अधिकाऱ्यांना हवं ते? ठगांची दहशत जितकी मोठी, तितकं कंपनीचं राज्य गरजेचं वाटणार होतं. म्हणजे स्वतःचं समर्थन एकटा अमीर अलीच करत नव्हता.

महाराष्ट्राशी नातं

१८५३ पासून टेलर यांनी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गचा कारभार पाहिला. १८५७ च्या धामधुमीत त्यांना बुलढाण्याला पाठवण्यात आलं. जवळच्या तुळजापूरचं वातावरण त्यांच्या 'तारा' (१८६३) या शिवकाळावरच्या कादंबरीत उतरलं. म्हणजे ठगांच्या तोंडून भवानीचं नाव ऐकलेल्या टेलर यांनी पुढे तिचा खरा भक्तपरिवारही जवळून पाहिला.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. १८७६ मध्ये फ्रान्समधल्या मेंटन इथे त्यांचं निधन झालं. अमीर अली मात्र आजही वाचला जातो, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे न सुटलेलं कोडं घेऊन.