खाशाबा जाधव : चण लहान म्हणून डावललेला कॉलेजकुमार ऑलिंपिकवीर कसा झाला?

कॉलेजच्या संघासाठी खेळाडू हेरताना आधी नजर जाते ती उंची आणि अंगकाठीवर. खाशाबा जाधव यांना हाच निकष आडवा आला होता.

कोण होते खाशाबा?
कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी पैलवानाच्या घरी त्यांचा जन्म झाला.

निवडीत काय घडले?
कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये क्रीडाशिक्षकांनी चण लहान म्हणून कुस्ती स्पर्धेसाठी त्यांचे नाव घेण्यास नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. परवानगी मिळाली आणि त्यांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना चितपट केले.

पुढे काय झाले?
मातीत घडलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ उजाडले.

दखल कधी घेतली गेली?
पोलिस दलात नोकरी केलेल्या खाशाबांचे १९८४ मध्ये अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.