विद्यार्थिदशेतील बॉनहॉफर

डीट्रिख बॉनहॉफर हे नाव आपल्या वाचकांना नवीन नाही. हिटलरच्या राजवटीत ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत फाशी गेलेले जर्मन पाळक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या मरणाचा प्रकाश इतका प्रखर आहे की त्यात आधीची वर्षे दिसेनाशी होतात. आज आम्ही त्या आधीच्या वर्षांकडे, विशेषतः त्यांच्या उच्च शिक्षणाच्या काळाकडे वळत आहोत. आपल्या मंडळ्यांतील मुलेमुली एम. ए., एम. एस्सी., पीएच. डी. यांसाठी घर सोडून मोठ्या शहरांत जातात. अभ्यास, मित्रमंडळ आणि उपासना या तिहींची ओढाताण सुरू होते आणि बहुधा उपासनाच मागे पडते. बॉनहॉफर यांच्या वाट्यालाही ही ओढाताण आली होती. ती त्यांनी वेळापत्रक आखून सोडवली नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

डीट्रिखचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. आठ भावंडांत तो सहावा, आणि साबीना ही त्याची जुळी बहीण. वडील कार्ल बॉनहॉफर मानसोपचाराचे नामवंत प्राध्यापक होते. १९१२ साली ते कुटुंबासह बर्लिनला आले. घरात विद्या होती, संगीत होते, पण दर रविवारी उपासनेला जाण्याची रीत नव्हती. पवित्र शास्त्रातील गोष्टी आणि गीते मुलांना आईच शिकवी. १९१८ साली दुसरा मुलगा वाल्टर फ्रान्समधील रणांगणावर जखमी होऊन मरण पावला. त्याला दृढीकरणाच्या वेळी मिळालेले पवित्र शास्त्र आईने १९२१ साली डीट्रिखच्या हाती दिले, आणि ते त्याने जन्मभर वापरले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे एका फ्रेंच मित्राचा उल्लेख येणार आहे.

आपण ईश्वरज्ञानाचा अभ्यास करणार असे डीट्रिखने कोवळ्या वयात जाहीर केले तेव्हा मोठ्या भावांनी त्याची थट्टा केली. एक भाऊ शास्त्रज्ञ होण्याच्या मार्गावर होता, दुसरा वकील. मंडळी ही किती क्षुद्र आणि कंटाळवाणी संस्था आहे हे त्यांनी त्याला समजावले. तसे असेल तर आपणच ती सुधारू, असे उत्तर या धाकट्याने दिले. या उत्तरात विश्वासापेक्षा जिद्दच अधिक होती असे आम्हांस वाटते.

१९२३ साली ट्यूबिंगेन आणि १९२४ पासून बर्लिन असे त्यांचे विद्यापीठीय शिक्षण झाले. बर्लिनला त्या वेळी जगातील मोठमोठे पंडित शिकवीत होते. वयोवृद्ध हार्नाक तर बॉनहॉफर कुटुंबाच्या शेजारीच राहत. या तरुणाला ते मानत, आणि हा तरुण मात्र कार्ल बार्थ यांची पुस्तके वाचून गुरूंशी मतभेद मांडी. प्रबंधासाठी त्यांनी राइनहोल्ड झेबेर्ग यांचे मार्गदर्शन घेतले. प्रबंधाचा विषय होता मंडळी. प्रेषितांच्या मतांगीकारात आपण ज्या पवित्र जनांच्या संगतीचा उच्चार करतो ती संगती म्हणजे नेमके काय, हे त्यांनी समाजशास्त्र आणि ईश्वरज्ञान यांच्या आधारे शोधले. ख्रिस्त आज जगात मंडळीच्या रूपाने अस्तित्वात आहे, आणि एकाने दुसऱ्यासाठी उभे राहणे, प्रार्थना करणे, क्षमा करणे यांतून ती मंडळी घडते, असा त्या प्रबंधाचा गाभा होता. १७ डिसेंबर १९२७ रोजी, एकविसाव्या वर्षी, त्यांना सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळाली.

हा जाडजूड प्रबंध लिहिला जात असता दर रविवारी सकाळी काय चालले होते? बॉनहॉफर ग्रुनेवाल्ड येथील मंडळीत शब्बाथशाळेचा वर्ग घेत होते. पाळकपणाच्या परीक्षेसाठी मंडळीतील कामाचा अनुभव आवश्यक होता, म्हणून हे काम सुरू झाले हे खरे. पण पुढे ते नुसत्या अटीपुरते उरले नाही. मुलांना सांगायची गोष्ट ते घरी मन लावून तयार करीत, आणि धाकटी बहीण सुझाना त्यांना मदत करी. दुसऱ्या वर्गांतील मुले यांच्या वर्गात येऊन बसू लागली, तेव्हा थोडा संकोचाचाही प्रसंग आला. (आपल्या शब्बाथशाळांच्या शिक्षकांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.) १९२७ साली मोठ्या मुलांसाठी त्यांनी दर गुरुवारी आपल्या घरी एक मंडळ भरवण्यास आरंभ केला. तेथे धर्मावर, नीतीवर, वाचलेल्या पुस्तकांवर चर्चा होई, आणि मुले त्यांच्याबरोबर संगीताच्या कार्यक्रमांनाही जात. प्रबंधात मंडळीची व्याख्या लिहिणारा हात आणि मुलांच्या वहीवर फिरणारा हात एकच होता.

१९२८ साली ते साहाय्यक पाळक म्हणून बार्सिलोना येथील जर्मन मंडळीत गेले. तेथे शब्बाथशाळा नव्हती. त्यांनी ती सुरू केली तेव्हा पहिल्या रविवारी एकच मुलगी आली. त्यांनी घरोघर जाऊन मुलांची भेट घेतली आणि थोड्याच आठवड्यांत वर्ग भरला.

बर्लिनला परतून त्यांनी विद्यापीठात शिकवण्याच्या पात्रतेसाठी दुसरा प्रबंध लिहिला. १९३० साली तोही मान्य झाला. पण पाळकीय दीक्षेसाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत, आणि ते चोवीस वर्षांचे होते. मधले वर्ष काढण्यासाठी शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले.

तेथील वर्गांनी त्यांची निराशा केली. दोन प्रबंध पुरे केलेल्या या तरुणाला तेथील विद्यार्थ्यांचे ईश्वरज्ञान फारच उथळ वाटले, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. त्यांच्या स्वभावात विद्वत्तेचा ताठा होता. तो झाकून त्यांचे चरित्र गोड करण्यात आम्हांस स्वारस्य नाही. त्या वर्षाने त्यांना जे दिले ते वर्गाबाहेर, मित्रांच्या द्वारे दिले. पॉल लेमन हे अमेरिकन, एर्विन झुट्झ हे स्विस, झां लासेर हे फ्रेंच आणि फ्रँक फिशर हे अलाबामातील निग्रो घराण्यातून आलेले विद्यार्थी, असे हे चार मित्र.

फिशर यांना हार्लेम भागातील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट मंडळीत काम नेमून दिले होते. त्यांनी बॉनहॉफर यांना एकदा बरोबर नेले आणि मग ते जातच राहिले. जवळजवळ सहा महिने बहुतेक प्रत्येक रविवारी ते त्या मंडळीत असत. तेथे त्यांनी मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग घेतला, स्त्रियांच्या शास्त्राभ्यासात साह्य केले, लोकांच्या घरी गेले. विद्यालयाच्या व्याख्यानांत जी सुवार्ता त्यांना ऐकू येत नव्हती ती येथील प्रवचनांत आणि गीतांत त्यांना ऐकू आली. एकदा एका उपाहारगृहात फिशर यांना इतरांसारखी सेवा नाकारली गेली, तेव्हा बॉनहॉफर आणि बरोबरचे सर्वजण उठून बाहेर पडले. त्या गीतांच्या ध्वनिमुद्रिका ते जर्मनीला घेऊन गेले आणि पुढे फिंकेनवाल्ड येथे आपल्या विद्यार्थ्यांना ऐकवल्या. वर्णावरून माणसाला बाहेर ठेवणे म्हणजे काय हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, मित्राच्या शेजारी बसून पाहिले होते. दोन वर्षांनी त्यांच्या स्वतःच्या देशात तोच प्रश्न मंडळीच्या दाराशी आला.

लासेर यांच्याशी मैत्री होणे याहून अवघड होते. वाल्टर फ्रान्समध्ये पडला होता, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाचा सल प्रत्येक जर्मन घरात होता. लासेर युद्धविरोधी होते. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनात शत्रूवर प्रीती करण्याची जी आज्ञा आहे ती पाळण्यासाठी दिलेली आहे, केवळ मनन करण्यासाठी नव्हे, असे ते साधेपणाने मानीत. बॉनहॉफर यांच्याजवळ या आज्ञेला बगल देणारी पंडिती उत्तरे पुष्कळ होती. पण मित्र समोर बसलेला असता ती उत्तरे तोकडी पडू लागली. दोघांनी मिळून पश्चिम आघाडीवरील युद्धाचा एक गाजलेला चित्रपट पाहिला. जर्मनांच्या बाजूने सांगितलेल्या त्या कथेत फ्रेंच सैनिक मरताना प्रेक्षक आनंदाने आवाज करू लागले, तेव्हा बॉनहॉफर यांनी लासेर यांचे सांत्वन करण्याची पराकाष्ठा केली. १९३१ च्या उन्हाळ्यात जुनी मोटार घेऊन मित्र दक्षिणेकडे निघाले. लेमन आणि झुट्झ वाटेत थांबले, उरलेले दोघे मेक्सिकोपर्यंत गेले आणि तेथे एका शहरात शांतीविषयी एकत्र बोलले. जर्मन आणि फ्रेंच तरुण एका व्यासपीठावर पाहून श्रोत्यांना नवल वाटले असेल. बॉनहॉफर यांचा १९३७ साली प्रसिद्ध झालेला शिष्यत्वावरील ग्रंथ याच प्रवचनावर उभा आहे. हिंदुस्थानात येऊन गांधीजींजवळ राहण्याची इच्छाही त्यांच्या मनात बळावली. नोव्हेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी त्यांना निमंत्रण पाठवले होते, पण जाणे घडले नाही.

या बदलाविषयी त्यांनी १९३६ साली एका मैत्रिणीला पत्रातून लिहिले. आधी आपण फार महत्त्वाकांक्षी होतो, पुष्कळ वेळा प्रवचने केली, मंडळीविषयी लिहिले, तरी ख्रिस्ती झालो नव्हतो, आणि पवित्र शास्त्राने, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने, आपल्याला त्यातून सोडवले, असा त्याचा आशय आहे. डॉक्टरेट घेतलेल्या, दीक्षित पाळकाने हे लिहावे, हे वाचून आम्ही थांबलो.

१५ नोव्हेंबर १९३१ रोजी त्यांची दीक्षा झाली. विद्यापीठात व्याख्याते असतानाच त्यांनी उत्तर बर्लिनमधील गरीब वस्तीत, झायन मंडळीत, दृढीकरणाच्या वर्गातील दांडग्या मुलांना शिकवले आणि त्यांच्याजवळ असावे म्हणून त्याच भागात बिऱ्हाड केले.

१९३३ साली ज्यू वंशाच्या माणसांना सरकारी सेवेतून आणि मग मंडळीच्या सेवेतूनही काढण्याचे कायदे आले. त्यांचे जिवलग मित्र फ्रान्झ हिल्डेब्रांट हे पाळक होते आणि त्यांची आई ज्यू वंशाची होती. प्रबंधाच्या दिवसांपासून दोघे तासन्तास वाद घालीत आले होते. मित्राला जो अधिकार नाकारला जातो तो आपण का घ्यावा, म्हणून बॉनहॉफर यांनी बर्लिनमधील एका मंडळीचे पाळकपद स्वीकारण्यास नकार दिला. मात्र त्याच वर्षी एप्रिलमध्ये साबीनाच्या ज्यू सासऱ्यांचा अंत्यविधी चालवण्याची विनंती झाली, तेव्हा वरिष्ठांचा सल्ला घेऊन त्यांनी नकार दिला होता. आपण इतके कसे घाबरलो, अशी खंत त्यांनी काही महिन्यांनी बहिणीच्या कुटुंबाला पत्राने कळवली आणि क्षमा मागितली.

जून १९३९ मध्ये अमेरिकेतील मित्रांनी खटपट करून त्यांना पुन्हा न्यूयॉर्कला आणले. तेथे राहिले असते तर जीव वाचला असता. लेमन यांनी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला. परंतु आपल्या लोकांच्या संकटात वाटा घेतला नाही तर युद्धानंतर त्यांच्यात ख्रिस्ती जीवन उभारण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही, असे ठरवून ते जुलैमध्ये परत निघाले. पुढील कट, ५ एप्रिल १९४३ ची अटक आणि तुरुंग हा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. तुरुंगातून त्यांनी एबरहार्ड बेटगे या मित्राला लिहिलेली पत्रे बेटगे यांनीच जपली आणि १९५१ साली प्रसिद्ध केली.

२७ जुलै १९४५ रोजी लंडनमधील एका चर्चमध्ये बॉनहॉफर यांची स्मरणार्थ उपासना झाली आणि ती बी. बी. सी. ने प्रसारित केली. बर्लिनमध्ये वृद्ध आईवडील रेडिओजवळ बसले होते. मुलगा गेल्याची खात्री त्यांना तेव्हा पटली. प्रवचन करणाऱ्यांत बिशप बेल होते, आणि त्यांच्याबरोबर त्या घरात पूर्वी पुष्कळदा येऊन बसलेले हिल्डेब्रांट होते.