बासरीवाला रोबोट बनवला तेव्हा टाळ्या, विणकरांच्या धंद्यात हात घातला तेव्हा दगड!

माणसासारखे दिसणारे ह्युमनॉइड रोबोट कारखान्यात येणार, मग आपल्या नोकऱ्यांचं काय, यावर सध्या जोरदार चर्चा सुरू आहे. जाक द वोकान्सों नावाच्या फ्रेंच माणसाने हा सगळा प्रकार पावणेतीनशे वर्षांपूर्वीच अनुभवला होता.

१७०९ मध्ये ग्रनोबल शहरात त्याचा जन्म झाला. वडील हातमोजे बनवायचे. पोराला मात्र यंत्रांचं वेड.

१७३८ मध्ये त्याने पॅरिसमध्ये माणसाच्या उंचीचा एक पुतळा लोकांसमोर आणला. हा पुतळा बासरी वाजवायचा, आणि तीही खरोखर. नऊ भाते हवा सोडायचे, ओठ हलायचे, बोटं बासरीच्या भोकांवर पडायची. लाकडी बोटांनी सूर नीट लागेना म्हणून त्याने बोटांवर कातडं चढवलं. (कातड्याची माहिती घरचीच होती म्हणा!) एकूण १२ धून. पाठोपाठ दाणे खाऊन विष्ठा टाकणारं यांत्रिक बदकही आलं. ते दाणे पचवतं असा दावा होता, पण विष्ठा आधीच भरून ठेवलेली असायची.

पॅरिस फिदा झालं. १७४१ मध्ये सरकारने वोकान्सोंला थेट रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमलं.

इथून चित्र पालटलं. १७४४ मध्ये लिऑनमध्ये रेशीम धंद्याचे नवे नियम लागू झाले. छोट्या विणकरांना वाटलं, यात फायदा बड्या व्यापाऱ्यांचा आणि मरण आपलं. त्यांची भीती काही अगदीच खोटी नव्हती. शहरात दंगल उसळली, वोकान्सोंवर दगड पडले आणि असं सांगतात, की तो साधूच्या वेशात पळाला.

१७४५ मध्ये त्याने आपोआप चालणारा माग बनवला. तोवर नक्षीसाठी दोरे ओढायला मागाजवळ एक मदतनीस लागायचा. इथे ते काम भोकं पाडलेल्या कागदाचा रूळ करायचा. ना चेहरा, ना हात, पण माणसाची जागा घेणारं यंत्र हेच होतं. तो माग फारसा वापरात आला नाही. १७८२ मध्ये वोकान्सों वारला.

पुढे जाकार नावाच्या कारागिराने याच मागाचा अभ्यास केला आणि १८०४ मध्ये स्वतःचा माग आणला. तो मात्र युरोपभर पसरला. बासरीवाला आणि बदक कधीच हरवले, पण वोकान्सोंचा माग पॅरिसच्या संग्रहालयात आजही बघायला मिळतो.